अनुकंपेची जागा

धम्मपालनं राजीनामा दिला तेव्हा त्याच्या मनावर कसलंच ओझं नव्हतं. ते आलं आठवडाभरानं, कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर.

तालुक्याच्या कचेरीतली ती कारकुनाची नोकरी मुळात त्याच्या वडिलांमुळं आलेली. व्यंकट तिथं शिपाई होते. नोकरीत असतानाच ते वारले आणि अनुकंपा म्हणून घरातल्या एकाला घ्यायचं ठरलं. थोरली क्षमा पदवीधर होती, मराठी टायपिंगही पास होती. धम्मपाल काठावर पदवीधर झालेला आणि टायपिंगच्या नावानं बोंब. पण आई मालनबाईंनी हिशेब मांडला, "पोरगी उद्या नांदायला जाणार, पगार बी तिच्यासंगं जाणार." बहिणी भावाला शेताचं हक्कसोडपत्र देतात तशी क्षमानं नोकरीची नाहरकत दिली. वर धम्मपालला टायपिंगही तिनंच शिकवलं. पुढं तिचं लग्न झालं, मोडलं आणि ती सोनारीला माहेरी परतली. ग्रामपंचायतीत कंत्राटी संगणक चालक म्हणून लागली. मानधन आलं तर आलं.

नोकरी सांभाळून धम्मपालनं गावाबाहेर खव्याची भट्टी टाकली होती. नोकरदाराला धंदा चालत नाही म्हणून कागदावर मालक मालनबाई. पहाटे दूध गोळा करायचं, खवा काढायचा, आंघोळ करून कचेरी गाठायची. अंगाचा खव्याचा वास काही जात नसे. भैरवनाथाच्या यात्रेत पेढ्याला खवा पुरेना. मग तुळजापूरच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, रोज देणार असशील तर सगळा माल माझा. रोज द्यायचा तर विजेच्या मोटारीवर फिरणारी कढई हवी, गावोगावचं दूध हवं आणि दिवसभर उभा राहणारा माणूस हवा.

"अक्का, मी नोकरी सोडतो," तो क्षमाला म्हणाला. "आता ती जागा तू घे. तुझीच होती."

क्षमानं लगेच विचारलं, "मिळंल मला?"

"का न मिळायला? बाप एकच न्हाय का आपला?"

"घरातली चीज घरातच ऱ्हाती," मालनबाई म्हणाल्या. तिघांनाही ते पटलं. शेत पुन्हा बहिणीच्या नावावर करता येतं, तशी नोकरीही करता येत असणार. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या धम्मपालनं शेजारच्या टेबलावर जाऊन एवढं विचारलं नाही. राजीनामा मात्र देऊन टाकला.

टपरीवर त्यानं आस्थापना शाखेतल्या सिद्धलिंगकाकांना सहज विचारलं, "अक्काचा अर्ज कधी आणून देऊ?"

"कसला अर्ज?"

"अनुकंपेचा. माझ्या जागेवर."

सिद्धलिंगकाकांनी बशी खाली ठेवली. "अरे, अनुकंपा म्हंजे काय वतन हाय व्हय? एका घराला एकदाच. तू घेतलीस, संपली. तू गेलास की ती जागा सरकारला परत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "राजीनामा अजून मंजूर झालेला न्हाय. महिना भरायच्या आत मागं घे. माणूस बस चुकला तर दुसरी धरतो, ही दुसरी येत नसती."

"बघतो," धम्मपाल म्हणाला.

घरी जाऊन सांगायचं असंच त्यानं वाटेत ठरवलं होतं. अंगणात क्षमा जुना कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. संगणक नव्हताच, नुसती बोटं चालवत होती.

"बोटं बसलीत अजून," ती हसून म्हणाली. "उद्या सरपंचाला सांगून टाकते, दुसरं माणूस बघा म्हणून. त्यांना बी वेळ मिळाला पाहिजे."

"थांब की जरा."

"का?"

धम्मपालच्या डोळ्यांपुढं कढई आली. मागवलेली कढई निघाली होती, दोन दिवसांत पोचणार होती. राजीनामा मागं घेतला तर कढई नको, व्यापारी नको. पुन्हा त्याच टेबलावर बांधकामाच्या फायली, तेही निवृत्तीपर्यंत. आणि मागं घेतला तरी अक्काला काय मिळणार होतं? काहीच नाही. हा मुद्दा त्याला फार सोयीचा वाटला.

"न्हाय, असंच म्हणलं," तो बोलला.

दुसऱ्या दिवशी क्षमानं ग्रामपंचायतीचं काम सोडलं.

कढई आली तेव्हा दूध घालणारे बब्रुवान नारळ घेऊन हजर. मालनबाई म्हणाल्या, "मामा, आमच्यात नारळ फोडत न्हाईत."

"मग माझ्या म्हशींच्या नावानं फोडतो. दूध तर त्यांचंच हाय!"

सगळे हसले. क्षमा सगळ्यात जास्त हसली. धम्मपाल मोटारीचा पट्टा तपासत बसला. तो नीटच होता.

धंदा बसला असता तर त्याला बरं वाटलं असतं. भोगतोय म्हणता आलं असतं. पण खवा दाणेदार उतरत होता, तुळजापूरहून गाडी रोज रिकामी परतत होती. रोज झोपताना तो ठरवायचा, उद्या सांगू. महिना भरला. राजीनामा मंजूर झाला.

पुढच्या सोमवारी क्षमा ठेवणीतली साडी नेसून कचेरीला निघाली. "चल की संगं. तुझ्या ओळखीची माणसं हायत."

"कढई सोडून कसं येऊ?"

दुपारी ती वडापच्या जीपमधून उतरली ती थेट भट्टीवर आली.

"मोटार बंद कर."

"आता बंद केली तर दूध लागंल, अक्का."

"मग चालू दे. थांबते मी."

खवा आळून गोळा होईपर्यंत ती दारात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. त्यानं मोटार बंद केल्यावर तिनं विचारलं, "सिद्धलिंगकाका म्हणले, तुला टपरीवर सांगितलं हुतं. खरंय?"

"व्हय."

"मी सरपंचाला सांगायच्या आधी, का नंतर?"

खोटं बोलायला जागा होती. त्याला ती दिसलीही. "आधी," तो म्हणाला.

क्षमानं पदरानं मान पुसली. "जीपमधी सगळ्या वाटंनं मी 'नंतर' धरून आले बघ."

"अक्का, निम्मी भट्टी तुझी. उद्याच तुझं नाव लावतो."

"निम्मं-बिम्मं नको. आज देशील, उद्या तुझी पोरं मोठी झाली की नाहरकत मागशील. मला पगार दे. ठरल्या तारखंला. रविवारी सुट्टी. आन् कागदावर लिहून दे."

"तू म्हणशील तसं."

"मला काढायचं ठरलं तर आधी सांग. तेवढं जमंल?"

 एवढं विचारून ती घराकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वेळेला क्षमा भट्टीवर आली. बब्रुवान दूध मोजून देत होते. तिनं वजनकाटा पुसला आणि विचारलं, "साहेब, तुळजापूरचा माल आधी भरायचा का?"

बब्रुवान खदखदून हसले. "भावाला साहेब म्हणती व्हय गं?"

"अक्का, असं नको ना," धम्मपाल हळूच म्हणाला.

"कामावर क्षमा म्हणा," ती म्हणाली आणि डबे मांडायला लागली.