नसलेला खडक

समुद्रतळावरच्या दऱ्या आणि घसरते उतार चुकवत गॅसच्या पाइपलाइनचा मार्ग संहितानं चार वर्षांपूर्वी आखला होता. तिचे साहेब गिरीराजअण्णा यांनी ‘पोरखेळ’ म्हणून तो बाजूला टाकला आणि तिला घरी बसवलं. अण्णा बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या तिच्याच गल्लीतले, म्हणून ती मनात डूख धरून गप्प राहिली.

आज व्हाइटफील्डच्या मीटिंगमध्ये अण्णा तोच मार्ग स्वतःचा म्हणून दाखवत होते. ग्राहक कंपनीनं तपासायला नेमलं होतं संहितालाच. तिला पाहून ते चपापले, पण रेटून बोलत राहिले.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

“अण्णा, स्वल्प, जरा सांगा, लाइन इथं का वळवलीत?”

“खाली खडक आहे. मी स्वतः डेटा तपासलाय.”

संहितानं गेल्या महिन्याच्या सर्वेक्षणाचं चित्र लावलं. त्या जागी नुसता सपाट गाळ होता.

“चार वर्षांपूर्वी तळ मोजायच्या यंत्रात माशांचा थवा दिसला आणि मी त्याला खडक समजले. चूक माझीच,” ती शांतपणे म्हणाली. “ती तुमच्या नकाशात कशी आली, ते आता ह्या कंपनीच्या लोकांना सांगा.”