उघड्या काचेतली ओवी

जळकोट मागं पडलं तसं मायनं खिडकीकडं बोट केलं. बोलणं तिनं टाकलंच होतं. गळ्यातल्या गाठीनं आवाज असा खरवडून नेला होता की दोन शब्द निघाले तर तिसऱ्याला नुसती वाफ यायची. उद्या लातूरला ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"काच खाली कर आक्का, माय गुदमरायली," व्यंकटी म्हणाला.

पिकअप त्याचीच. एरवी तो गावोगावचं सोयाबीन, तूर भरून लातूरच्या मोंढ्यात नेई. आज मागं सगळं रिकामं आणि पुढं तिघं. स्टेअरिंगवर तो, मधे थोरली बहीण राजकन्या, खिडकीशी दोघांची माय कावेरीबाई.

राजकन्या नांदेडहून आली होती ती एकच आस धरून. पुढच्या महिन्यात तिच्या मंजुश्रीचं लग्न. त्यांच्या घरात नवरीची हळद दळताना घरातली थोरली बाई तिच्यासाठी नवी ओवी बांधते. पहिल्या ओळीत हळद, हात, जातं. दुसऱ्या ओळीत नवरीचं नाव. त्या नावावाचून हळद अंगाला लागत नाही. मायनं घरातल्या साऱ्या लेकीबाळींना अशी ओवी दिली होती, एकीची दुसरीला कधी दिली नव्हती. मंजुश्रीची तेवढी राहिली होती.

काल दिवसभर राजकन्या ओवी रेकॉर्ड करायला मोबाइल घेऊन मायपुढं बसली. पण भेटायला आलेल्यांनी घर भरलेलं, दारात जावई, सोप्यात व्याही. माय मान हलवायची. "जात्याबिगर कशी येईल गं?" जातं मांडून दिलं, तर खुंटा धरून नुसती बसून राहिली. हातात बळच नव्हतं.

शिरूर ताजबंद सोडलं, रस्ता मोकळा झाला. व्यंकटीनं गाडी पळवली आणि उघड्या काचेतून वारं आत आदळायला लागलं. धब्, धब्, धब्, धब्. कानावर कुणी उशी बडवावी तसं. राजकन्येचं डोकं भणाणलं. काच वर करायला ती मायच्या अंगावरून वाकली आणि तशीच थांबली.

मायचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. धबक्यासरशी पुढं, धबक्यासरशी मागं. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

राजकन्येनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"हळद दळीते, पिवळी झाली माझी मूठ..."

फाटलेला, पण सुरातला आवाज. कुठून आला कोण जाणे. आणि मग दुसरी ओळ. ती मायनं म्हटली, राजकन्येनं तिचे ओठ पाहिले. पण शब्द वाऱ्यानं ओठांवरूनच उचलून नेले. मोबाइल लावला तर त्यात नुसती धबधब.

"व्यंकट! माय ओवी म्हणायली! आधी हे बडवणं बंद कर!"

व्यंकटीनं गाडी बाजूला घेतली. "एकच काच उघडी हाय ना आक्का. वारं आत घुसतंय, भायेर निघायला त्याला वाट न्हाई. मग ते आतच धडका मारतंय. मागून वाट दिली की गप बसतंय बघ."

पाठीमागं सरकती काच होती. मालाचा भुसा आत येतो म्हणून त्यानंच ती चिकटपट्टीनं बंद केली होती. किल्लीनं पट्टी फाडली, काच वीतभर सरकवली, आपल्या बाजूचीही दोन बोटं उतरवली.

"लई शहाणा झालास रे," राजकन्या हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"मंग! भाचीच्या लग्नात आहेर वाढीव माझा."

गाडी निघाली. वारं एका काचेतून आलं, दुसरीतून गेलं, पाटातल्या पाण्यासारखं. धबधब नाही, काही नाही. चाकांचा आवाज तेवढा येत होता. राजकन्येनं मोबाइल मायच्या हनुवटीखाली धरला.

"म्हण माय. आता सगळं ऐकू येतंय."

मायचा हात मांडीवर थांबला होता. तिनं डोळे उघडले. खिडकीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"जातं... थांबलं," ती म्हणाली.

व्यंकटीचा चेहरा उतरला. त्यानं मागची काच लोटली, आपली वर केली, गाडी पळवली. धबधब आली. "अशीच होती का माय? का ह्याहून जलद?" वेग कमी केला, वाढवला. मायनं हात मांडीवर ठेवला, एक फेरा घातला, तोंड उघडलं आणि ठसका लागला. चाकूर आलं तरी ठसका थांबेना. मग तिनं मोबाइलवरच आपला तळवा ठेवला.

"बास."

व्यंकटी लातूरपर्यंत काच वर-खाली करत राहिला.

ऑपरेशन झालं. गळ्याला पट्ट्या, नाकात नळी. दोन-तीन दिवसांनी माय उशीला टेकून बसायला लागली. एका सकाळी तिनं राजकन्येला जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. आवाज नव्हताच. मांडीवरचा हात मात्र गोल फिरत होता, म्हणून राजकन्येला कळलं, दुसरी ओळ चाललीय. मायला लिहिता येत नव्हतं. राजकन्या त्या ओठांकडं डोळे ताणून पाहत होती. एका ठिकाणी ओठ मिटले, तिथं मंजुश्रीचं नाव असावं. बाकी काही हाती लागेना. मायनं परत म्हटली. परत म्हटली. कपाळावर घाम आला.

"कळलं माय," राजकन्या घाईनं म्हणाली. "कळलं. सगळी कळली."

मायचा चेहरा उजळला. तिनं दुसरा हात लेकीच्या हनुवटीला लावला आणि डोळ्यांनी खुणावलं, म्हण.

राजकन्येनं गळा साफ केला. "हळद दळीते, पिवळी झाली माझी मूठ..."

माय मान डोलवत पुढचं ऐकायला थांबली. राजकन्येनं काहीतरी जुळवायला पाहिलं, कुठलंही, पण मायच्या डोळ्यांपुढं खोटा शब्द ओठांवर येईना. शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी खोकलं. माय थांबलीच होती.

मग हळूहळू तिचा फिरता हात थांबला. तिनं लेकीच्या हनुवटीवरचा हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.