पटेलानं दिलेली जागा

अकोल्याच्या जुन्या शहरातला अब्दुल गफ्फार पिंजारी हिवाळा लागला की मेळघाटात जायचा आणि गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्या साली धारणीजवळच्या एका कोरकू वस्तीत तो थांबला. तिथला वडीलधारा सोनाजी पटेल. त्यानं पाहुण्याला मुंगी नावाच्या विधवेच्या झोपडीमागं जागा दाखवली.

दुपारी चूल पेटवून गफ्फार ओढ्यावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात खिंडीतून वारा सुटला. तो परतला तेव्हा मुंगीचं छप्पर धडधडा पेटलं होतं. माणसं वाचली, घर आणि वर्षाचं धान्य गेलं.

गफ्फार पळाला नाही. आता ठाण्यात नेणार, बेड्या पडणार, असं धरूनच तो राखेशेजारी बसून राहिला.

ठाण्यात कोणी गेलं नाही. मोहाच्या झाडाखाली म्हातारी माणसं जमली. पटेलानं आधी मुंगीला बोलू दिलं. ती रागानं बरंच बोलली, पण मधे कोणी तोंड घातलं नाही. मग गफ्फारला विचारलं. जळती चूल आपणच सोडून गेलो, असं त्यानं सांगून टाकलं.

पटेल खिंडीकडं वळला. मग म्हणाला, "दुपारी खिंडीतून वारा येते, हे याले कोनी सांगतलं होतं?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

"जागा म्या देल्ली. मंग माहाबी कसूर हाय."

निवाडा झाला. घर गफ्फारनं आणि पटेलानं मिळून बांधायचं, धान्य घराघरातून द्यायचं, आणि काम होईतो गफ्फारला जेवू घालायचं ते मुंगीनं. हे शेवटचं ऐकून मुंगीनं मान फिरवली.

सकाळी म्हातारा पटेल स्वतःच्या खांद्यावर बांबू घेऊन आला. ते पाहून गफ्फारचे डोळे भरले.

सुरुवातीला मुंगी भाकर ठेवून निघून जायची. एकदा कुडाची भिंत बांधताना गफ्फारच्या तळहातात बांबूचं कुसळ घुसलं. तिनंच ते काट्यानं काढलं आणि विचारलं, "घरी कोन कोन हाय तुह्या?"

छप्पर शाकारलं त्या दिवशी दोघं एका पंगतीत जेवले. भांडण मिटलं, असं पटेलानं सगळ्यांसमोर सांगितलं.

घरी आल्यावर गफ्फारनं बायकोला, हलीमाबीला, सारं सांगितलं. दिवस मावळल्यावर मगरीबच्या नमाजानंतर तिनं दुआ मागितली. मुंगीचं नाव आधी घेतलं, घरच्यांची नावं मागून.