जेसिकाच्या दप्तरातली पट्टी

माझे पहिले चार आकडे झिजले आहेत, मित्रांनो. मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, तेव्हा तुम्हाला वाटेल, वह्यांवर घासून झिजले असतील. छे! ते एका लहान मुलीच्या बोटांवर झिजले.

सातिवलीच्या एका गाळ्यात मला कापलं, तासलं, रंगवलं. माणिकपूरच्या दुकानातून सालोमीने मला आपल्या लेकीसाठी, जेसिकासाठी घेतलं. घर पाचूबंदरला. बाप प्लासिड होडीवर जाणारा, कष्टाळू, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जेसिका माझ्या कडेने होड्यांची चित्रं काढायची. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

ती चौथीत गेली आणि शाळेतून निरोप आला, मुलीला वाचता येत नाही. प्लासिडला ते पटेना. रविवारी चर्चमध्ये मुलांच्या मिस्सात, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, बायबलमधलं पहिलं वाचन जेसिकाच करायची, अगदी खणखणीत. उच्चार कळावेत म्हणून सालोमी शनिवारी ते एकदा मोठ्याने वाचून दाखवी. तेवढ्यात पोर ते सगळं कानाने टिपून घेते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"देवळात फाडफाड वाचते, पन शाळेत तोंड शिवते काय? माज आलाय नुसता!"

प्लासिडने तिच्याच दप्तरातून मला उपसलं. शब्द अडला की फटका, तोही मला उभी धरून, थेट हाडावर. कातडी फुटे, रक्त माझ्या कडेत मुरे. रोज संध्याकाळी हेच. पुढे पुढे तर तो सांगायच्या आधीच ती हात पुढे करू लागली. मला दात असते तर मी त्या बापाला चावले असते! एके दिवशी तिचं बोट कटकन मोडलं. "सोडा तिला, मरंल पोर!" म्हणत सालोमी मध्ये पडली, तर मी तिच्याही कपाळावर बसले.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी प्लासिडला चांगलंच फैलावर घेतलं आणि तिघांना प्रिस्का टीचरकडे पाठवलं. वाचताना अडणाऱ्या मुलांची तपासणी हेच तिचं काम.

टीचरने आधी रविवारचं वाचन पुढे ठेवलं. जेसिकाने ते घडाघड म्हटलं.

"बघा! मी काय सांगत होतो?" प्लासिड गरजला.

टीचरने त्याच पानावर मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. जेसिका पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मग टीचरने कुणी कधीच न ऐकलेले, मुद्दाम बनवलेले शब्द दिले: लेपूर, गमटू. एकही येईना.

"हिला ऐकलेलं पाठ होतं, प्लासिडभाऊ. अक्षरं ओळखू येत नाहीत. हा आळस नाही. हिला वेगळ्या रीतीने शिकवावं लागेल."

"म्हनजे वेदीपुढे उभी राहून फसवत होती आमाला?" त्याची मूठ टेबलावर आदळली.

ओळीखाली धरायला टीचरने जेसिकाच्या दप्तरातून मला काढलं. मी वर उचलली गेले मात्र, जेसिकाने प्लास्टरचा हात मागे लपवला आणि चांगला हात पुढे केला. बोटं ताठ, डोळे घट्ट मिटलेले.

प्लासिडने ते पाहिलं. मूठ तशीच टेबलावर ठेवून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

आता मी रोज ओळीखाली आडवी असते आणि जेसिका एकेक अक्षर जोडते. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी वाचताना अडलं, तर ते का अडलं हे मोठ्यांना आधी तपासायला सांगा. माझ्यावरचं रक्त सालोमीने साबण लावून घासलं, पण डाग गेला नाही. आणि मला कुणीही, अगदी रेघ मारायलाही उचललं, तरी जेसिकाचे डोळे अजून मिटतात.