फुंकर बाबाची, ढेप आपली

वासरू उभं राहिलं आणि अख्खा तांडा ओरडला, "जय फुंकरबाबा!"

ओल्या अंगाचं, तांबडं, दणकट वासरू. आईच्या कासेला ढुशा मारत होतं. कळंब रोडवर बाबाचं पत्र्याचं शेड. तिथं बायका एकमेकींच्या अंगावर रेलून बघत होत्या. गाईच्या कानात फुंकर मारून तोंड मागे घेत बाबा म्हणाला, "मी काही नाही केलं, लेकरांनो! वारा देवाचा, फुंकर माझी. मंत्र गर्भात गेला, मंत्राचं हाड झालं, हाडावर मांस चढलं!"

"मंग सोताच्या दाताले काहून नाही लावत मंत्र?" मानीबाई मागून बोलली. "अर्धे पडले त."

मानीबाई दुसरीपर्यंत शिकलेली, पण तिच्यापुढे तांड्याचा नाईकही शब्द तोलून बोलायचा. तिची चीड वेगळीच होती. वासरू खरोखर उभं होतं ना! तांड्यातल्या गोठ्यांत वासरं पडायची ती किडकिडीत, गारठलेली. उचलून कासेला लावावी लागायची, तरी कितीक जायची. तिच्या घरचंही गेल्या साली गेलं. बाबाकडे मात्र गाय सातव्या महिन्यात आणून सोडायची, सोबत देवाच्या भोगासाठी सरकीची ढेप द्यायची. ताडपत्रीआड 'गुप्तसेवा' चालायची आणि वासरू असं धडधाकट निपजायचं.

बाबाचं बोट आता मानीबाईच्या सुनेकडे वळलं. बबिताला सहावा महिना होता.

"माय, तुझ्या घरी वासरं का मरतात, सांगू? एका छपराखाली दोन गर्भ! या पोरीची सावली गाईवर पडते. हिला घराबाहेर काढ, नाहीतर यंदाचंही गेलं समज."

"गेल्या साली त हिचं लगन बी नोतं झालं. तवा कोनाची सावली पडली? तुही?"

माणसं हसली. बाबा डगमगला नाही. "सावली आधी येते, माय. माणूस मागून."

"पाठवून देऊ तिले माहेरी," मानीबाईचा नवरा फकिरा हळूच म्हणाला. "वासराचा सवाल हाय."

"माहेरी कुलूप हाय! तिचे मायबाप ऊस तोडाले गेले. पोटुशी पोरगी काय फडात निजन?"

बबिता खाली मान घालून उभी होती. आजूबाजूच्या बायका तिच्या सावलीतून पाय मागे घेत होत्या. ते पाहून मानीबाईचं डोकं सणकलं. तणतणत वळली, तर पाय शेणात. पाय पुसताना ती थांबली. काळपट, मऊ शेण, त्यात सरकीची टरफलं. घरी गोठ्यात ती रोज शेण भरायची, कोरडं, काडीकाडीचं. सोयाबीनच्या कुटारावर, नुसत्या भुशावर जगणाऱ्या गाईचं शेण असं नसतं.

ती सरळ ताडपत्रीकडे गेली.

"पाप लागेल, माय! सेवा पाहू नये!"

मानीबाईने ताडपत्री फर्रकन ओढली. आत तीन गाभण गाई गव्हाणीत तोंड घालून ढेप चघळत होत्या. बाजूला पोत्यांची थप्पी. एका पोत्याला हिरव्या लुगड्याचं ठिगळ; ते तिनंच लावलेलं. फकिरानं भोगाची ढेप आगाऊच पोचवली होती.

"हा देवाचा भोग व्हय? तू त नदीत सोडतो म्हने!"

"देव गाईच्या रूपात..."

"गाय ढेप खाते, आन् पाया तुह्या पडायचं?"

जनावरांची डॉक्टर गझाला लस टोचायला आलेली, गर्दीतच उभी होती. ती पुढे आली. "मावशी, दोन वर्षं हेच सांगून माझा घसा बसला. पोटातलं वासरू शेवटच्या तीन महिन्यांतच खरं वाढते. तवाच आई उपाशी, त वासरू अशक्त, आन् चीकही पातळ."

"पन सातव्यात त आपन ढेप बंद करतो," फकिरा गोंधळला. "वासरू मोठं होऊन अडू नये म्हून."

"तुम्ही बंद करता, हा चालू करतो. एवढाच याचा मंत्र. उपाशी गाईले कळा द्यायलेच जोर राहत नाही, काका. लठ्ठ करू नका, पन पोटभर द्या."

बाबा केव्हा सटकला, कळलंही नाही. पण तो बसायचा त्या पाटाला दोघीतिघी अजून हात लावून जातच होत्या. परतताना फकिरा म्हणाला, "तरी एक फुंकर मारून घेतली असती, त काय बिघडलं असतं?"

"तुमीच घ्या मारून. उपाशीपोटी."

घरी येऊन तिनं आधी गाईपुढे भिजवलेली ढेप ठेवली. मग जेवायला बसली. बबिताने ताटात अर्धी भाकर घेतली.

"अर्धीच कायले वं?"

"लेकरू मोठं होऊन अडू नये म्हून."

"कोन सांगतलं?"

बबिता घुटमळली. सासूला ती आईसारखं 'याडी'च म्हणायची. "तुमीच, याडी."

गोठ्यात गाय ढेप चघळत होती. मानीबाईने दोन भाकरी उचलून सुनेच्या ताटात टाकल्या, वर डाळीचं वरण ओतलं.

"मी सांगतलं असन, तरी चूक ते चूकच. खाय."

बाबा पुढच्या तांड्यावर दुसरं शेड ठोकेल. त्याला आपणच जागा देतो. तेव्हा एवढं करा: चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी ताडपत्री उचला. आणि जिच्या पोटात जीव आहे, गाय असो की सून, तिच्या कानात काही फुंकू नका. तिच्यापुढे खायला ठेवा.