करवंदीचा माज

"ताट मागे घे गो बाय, नायतर हयच उलथून टाकतलंय!"

रखमाकाकी ओरडली तशी माझ्या हारातली सुई बोटात घुसली. आषाढातला सोमवार, सकाळचे आठ. लालबागच्या आमच्या देवळापुढं पायऱ्यांपर्यंत रांग. गिरणीच्या जागेवर जो टॉवर उठलाय त्यातल्या एक बाई ताटभर बुंदीचे लाडू घेऊन उभ्या, आणि काकी आपल्या कालवडीच्या तोंडापुढं दोन्ही हात पसरून उभी.

"अहो, गोमातेचा नैवेद्य आहे. नवस आहे माझा," बाई म्हणाल्या.

"नवस तुझो, पोट हिचा. आधी पोटोबा, मगे इठोबा. घालूचा असात तर ह्या गवत घाल, नायतर चलाक लाग."

बाई फणकारत आत गेल्या आणि दोन मिनिटांत देवळाचा सेक्रेटरी दत्ताराम तावडे बाहेर आला. वीस वर्षांपूर्वी काकीच्या गाईचं कच्चं दूध पिऊन वाढलेलं पोरगं ते. आता गळ्यात जाड साखळी आणि कानाला चोवीस तास फोन.

"काकी, डोकं फिरलं काय तुझं? डोनर आहेत त्या. दहा जणांना सांगतील."

"सांगू देत. माझी पाडी उकिरडो नाय लोकांचे लाडू फेकूक."

मी मालन. देवळाच्या डाव्या अंगाला माझं हाराचं दुकान, आणि दुकानाला लागून काकीची जागा. काकी मूळची देवगडकडची. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्यानं गावाहून गाय आणली, आणि तेव्हापासून गाय घेऊन इथं बसायचं, गवताच्या पेंढ्या विकायच्या, येईल त्यानं गाईला चारायच्या, असं चाललंय. नवरा गेला, गाय राहिली. चाळीच्या मागं पत्र्याचा गोठा आहे तिचा. आमच्या घाटावर जिला कालवड म्हणतात तिला काकी पाडी म्हणते. ही पाडी गाईच्या चौथ्या पिढीची. करवंदासारखी काळीभोर, म्हणून नाव करवंदी.

तर करवंदी तीन वर्षांची झाली आणि माजावर येईना. अंगानं बारकी, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. देवळातल्या बायका कुजबुजायला लागल्या, की वांझ दिसते. आणि आठ दिवसांपूर्वी दत्तारामनं कमिटीचा निरोप आणला: वसुबारसेला देवळापुढं वासरासकट गाय हवी, निदान गाभण तरी हवी, म्हणजे पुढच्या वर्षी वासरू. भाकड जनावर देवाच्या दारात शोभत नाही. नाहीतर जागा मोकळी कर, गोरेगावच्या तबेल्यातून मोठी गाय येईल.

निरोपाबरोबर माणूसही आणला होता. रघू. कुठल्याशा तबेल्यात सुया टोचून टोचून डॉक्टर झालेला. त्यानं पिशवी उघडली आणि काकीला समजवायला लागला. "आज एक सुई, सात दिवसांनी दुसरी, मग तिसरी. दहाव्या दिवशी माजावर. मोठ्या जातीच्या वळूचं रेत भरतो. गाय बघून पब्लिक हलणार नाही."

काकीनं पिशवीकडं पाहिलं, मग रघूकडं. हा रघू तिला नवा नव्हता. गेल्या वर्षी करवंदीची आई तांबू, तिलाही ह्यानंच मोठ्या जातीचं भरलं होतं. दत्ताराम म्हणाला होता, दूध वाढेल. काकी तेव्हा हो म्हणाली होती. वेताची वेळ आली आणि वासरू अडकलं. आठ तास तांबू त्या पत्र्याखाली ओरडत होती. मी कंदिलासारखा मोबाईल धरून उभी होते, म्हणून सांगते. वासरू मेलेलं बाहेर आलं आणि दिवस वर यायच्या आत तांबू गेली. काकी रडली नाही. फक्त म्हणाली, "मी गप रवलंय म्हणान झाला."

ह्या वेळी ती गप राहिली नाही. रघूची पिशवी तिनं उचलली आणि रस्त्यापलीकडं ठेवून आली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे करवंदीचं दावं धरून चालत परळला जनावरांच्या दवाखान्यात गेली. मला म्हणाली, "मालन, तू चल गो. माका तेंचा इंग्लिश कळाचा नाय." जसं काय मला कळतं.

तिथं होती डॉक्टर अपेक्षा गमरे. नायगावच्या चाळीत वाढलेली, पंचविशीची पोर, केस घट्ट बांधलेले, पायात गमबूट. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून तिनं करवंदीच्या मागून हात आत घातला. डोळे मिटले. बोटांनी आतल्या आत काहीतरी वाचत होती. काकी तिच्या तोंडाकडं बघत होती, जसं कोर्टात निकालाकडं बघतात.

"वांझ नाहीये, आजी," हात काढत ती म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे. फक्त झोपलंय. बीजांडं वालाच्या दाण्याएवढी आहेत दोन्ही."

"मगे जागी कित्याक होनत नाय?"

अपेक्षानं टेप काढली, करवंदीची छाती मोजली, आकडेमोड केली. "एकशेवीस किलो. हिच्या जातीची कालवड दीडशेला आली की माजावर येते. आजी, शरीर वय नाही मोजत, वजन मोजतं. डोक्यात, मेंदूच्या बुडाशी, चण्याएवढी गाठ असते. अंगात पुरेसं साठलं की ती रक्तातून निरोप सोडते. त्या निरोपालाच आम्ही हार्मोन म्हणतो. निरोप खाली पोचला की हे दाणे जागे होतात. हिचं अंगच भरलं नाही, तर ती गाठ निरोप कशाला धाडेल? आपलंच धड नाही, वासरू कुठं वाढवू, असं म्हणते ती."

"शाणी आसा मगे गाठ," काकी म्हणाली.

"खायला काय देता?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. लाडू, पुरणपोळ्या, शिळ्या चपात्या, गुळाचा भात, केळी. लोक देतात ते. पेंढ्या दिवसाला चार. अपेक्षानं कपाळावर हात मारला.

"आणि त्या सुया?" मी विचारलं. "रघू म्हणतो दहा दिवसांत..."

"सुई वाईट नसते, मावशी. मोठ्या, भरलेल्या गाईला आम्हीही देतो. हिलाही दिली तर कदाचित येईल माजावर. पण सुईनं माज आणता येतो, हाडं नाही आणता येत. हिचा कंबरेचा सांगाडा अजून अरुंद आहे. त्यात मोठ्या जातीचं वासरू..."

"कळला," काकी म्हणाली. पुढचं तिला सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्या सोमवारी लाडवांवरनं भांडण झालं. आणि मग रोजच व्हायला लागलं.

काकी आता पहाटे उठून भायखळ्याच्या भाजी बाजारात जायची. मक्याच्या कणसांची साल, कोवळी ताटं, कोथिंबिरीच्या काड्या, जे मिळेल ते डोक्यावर बांधून आणायची. अपेक्षानं जंताचं औषध पाजलं, खनिजांची पुडी दिली, चाटायला मिठाची वीट दिली. मी पुठ्ठ्यावर लिहून दिलं, "फक्त गवत द्यावे. गोड देऊ नये." तो पुठ्ठा काकीनं करवंदीच्या गळ्यात बांधला. लोक हसले. काही चिडले. पुण्य करायला आलेल्या माणसाला नाही म्हणलं की त्याचा देव लगेच दुखावतो. निम्मं गिऱ्हाईक पलीकडच्या नाक्यावरच्या गाईकडं गेलं. काकीनं स्वतःची रात्रीची चपाती एक केली, करवंदीची ताटं कमी केली नाहीत.

श्रावण गेला, गणपती गेले. करवंदीच्या बरगड्या बुजल्या. कातडीला तुळतुळीत चकाकी आली. पण माज नाही.

गणपतीनंतर देवळाच्या हॉलमध्ये कमिटीची सभा झाली. शंभरेक माणूस. दत्ताराम माइकवर बोलला. पूजेची जागा, भक्तांच्या भावना, सगळं झालं, आणि मग म्हणाला, "काकींनी रघूसारखा अनुभवी माणूस सोडून गाय दिली कोणाच्या हातात? त्या पोरीचं जरा आडनाव तरी विचारायचं! देवाच्या दारातली गाय आहे."

काही माना मागं वळल्या. अपेक्षाही तिथंच होती, मागं दाराशी. काकीनंच बोलावलं होतं तिला, कमिटीला नीट समजावून सांगायला. अपेक्षा वळली आणि चपला घालायला लागली.

"थांब गो बाय," काकी म्हणाली. आणि पदर खोचून उभी राहिली. तिला माइक लागत नाही.

"आडनाव इचारतंस, दत्तू? तुझ्या रघूचो हात माझ्या तांबूच्या पोटात होतो. तेचा आडनाव इचारलंस तू? वासरू मेलेला इला, गाय मेली. तो हात तुका चलता. आणि ह्या पोरीन सांगितल्यान, गाय उपाशी आसा, तिका खावक घाल, तर हिचो हात चलना नाय? मी सांगतंय आता सगळ्यांक. माझ्या पाडीक हात लावतली तर हीच लावतली. तुका जागा होई तर घे. मी फुटपाथार बसतलंय. फुटपाथ तुझ्या बापाशीचो नाय."

कोणी टाळी वाजवली नाही. पण कोणी दत्तारामची बाजूही घेतली नाही. अपेक्षा चपला हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून काकीची जागा गेली. ती माझ्या दुकानाच्या पुढं, रस्त्याच्या कडेला बसायला लागली. बसगाड्यांचा धूर थेट तोंडावर. करवंदी शेपटीनं धूर हाकलायची.

खंडेनवमीच्या सकाळी काकी माझ्याकडं धावत आली. तोंड पांढरं पडलेलं. करवंदीच्या शेपटीला रक्त लागलं होतं. थेंबभरच, पण ताजं. रघू तिथनंच चालला होता, तो वाकून म्हणाला, "आतून सडली. मी सांगितलं होतं."

अपेक्षाला फोन केला. ती स्कूटीवर आली, मोजा चढवला, हात घातला आणि ह्या वेळी डोळे मिटूनच हसली.

"आजी, माज येऊन गेला. परवा-तेरवा."

"कधी? मी दिवसभर हय आसंय! ओरडली नाय, काय नाय!"

"मुका माज म्हणतात ह्याला. पहिला माज बऱ्याचदा मुकाच असतो. आत सगळं होतं, बाहेर कळत नाही. नंतर कधीकधी असा रक्ताचा डाग दिसतो, कालवडींना जास्त. डाग म्हणजे रोग नाही, पावती आहे. पुढच्या माजाला आजपासून अठरा-एकोणीस दिवस मोजा."

तिनं टेपनं छाती मोजली. वजन निघालं एकशेअठ्ठेचाळीस किलो.

काकीनं गोठ्याच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. अठरावी रेघ पडली ती नेमकी वसुबारसेच्या दिवशी.

संध्याकाळी देवळापुढं मांडव. दत्तारामनं गोरेगावहून मोठी काळी-पांढरी गाय आणली होती, अंगावर झूल, बाजूला वासरू. बायका निरांजनं घेऊन रांगेत. करवंदी माझ्या दुकानापुढं खुंट्याला बांधलेली. सकाळपासून तिनं मक्याच्या ताटाला तोंड लावलं नव्हतं. कान हलवत होती, पाय बदलत होती.

भटजींनी मंत्र सुरू केला आणि करवंदीनं मान वर करून असा हंबरडा फोडला की माइकमधून दुसऱ्यांदा ऐकू आला. भटजी थांबले. तिनं दुसरा फोडला. तिसऱ्याला खुंटा उपटून निघाली, थेट मांडवात, आणि सगळ्यांच्या देखत पुढचे दोन्ही पाय उचलून त्या मोठ्या गाईच्या पाठीवर चढली. गाय बिचकून पुढं झाली, करवंदी पुन्हा चढली. पूजेची ताटं पडली, निरांजनं विझली, दत्ताराम "धरा, धरा" म्हणून नाचतोय. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेपटीखालून माजाची चिकट, काचेसारखी सोट लोंबत होती, दोरीएवढी.

आणि रघूच, दुसरं कोणी नाही, सवयीनं बोलून गेला, "च्यायला, माजावर आली की!"

सगळ्यांनी ऐकलं. दत्ताराम शहाणा, लगेच फिरला. "काकी, चांगलंच झालं! आजच्या मुहूर्तावर, म्हणजे बघ. रघू, घे भरून आत्ताच."

काकीनं दावं हाताला गुंडाळलं. "हात लावन तर बघ. ह्यो माज जातलो."

"फुकट घालवणार?"

"फुकट नाय. डाक्टरीन म्हणाली, एक माज मोठ्यान बोलान जाऊ दे, अंग आणखी भरू दे, मगे भर. मुहूर्त तुमचो, पाडी माझी." आणि गर्दीतनं वाट काढत ती करवंदीला घेऊन गेली. करवंदी सगळ्या रस्त्याला ओरडून सांगत होती, काकी तिला गप करत नव्हती.

पुढच्या माजाला अपेक्षानं रेत भरलं, बारक्या जातीचं, करवंदीच्याच बेताचं. माघात तपासलं. गाभण. काकीनं अपेक्षाच्या गालावरनं हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. अपेक्षा म्हणाली, "आजी, माझा हात शेणाचा आहे, थांबा," पण काकी थांबते कसली.

दोन दिवसांनी दत्ताराम आला. गोड हसत. "काकी, जागा परत घे तुझी. वसुबारसेच्या आधी वासरू येईल ना? कमिटीचं ठरलंय, ह्या वर्षी पूजा करवंदीचीच."

काकी मक्याची ताटं तोडत होती, कोयता थांबला नाही. "करवंदी येतली पूजेक. पण आधी तू त्या पोरीची माफी मागतलंस. माइकार बोललंस, माइकारच माग. आडनाव घेवन."

"काकी, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"घाय नाय. इचार कर. गाय नऊ म्हयने थांबता, तू पण थांब."

दत्तारामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बघतो मग मी."

"बघ मा," काकी म्हणाली आणि पुढचं ताट उचललं. "मी हयच आसंय."