पाववाली पोचली का?

मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे अंग चोरून केलेलं काम मला लांबून कळतं. चांगल्या कवळीत एखादा दात आम्ही मुद्दाम किंचित तिरका बसवतो. सगळे अगदी सरळ बसवले की माणूस हसला तरी बघणाऱ्याला कसंतरीच होतं. एका गेम कंपनीला एके काळी ही गोष्ट बरोबर कळत होती. आता तिच्या डोक्यात काय शिरलंय कुणास ठाऊक.

त्यांच्या पहिल्या दोन गेममध्ये एक छोटं गाव होतं आणि गावात एक पाववाली होती. गोष्टीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. संध्याकाळी ती दुकान बंद करायची, पूल ओलांडून घरी जायची आणि खिडकीत दिवा लावायची. बस्स, एवढंच. बाबा राक्षसबिक्षस सोडून रोज तिच्या मागे जायचे. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, कुठलीही गोष्ट वरच्या मजल्यापर्यंत नीट पोचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती आतून विचारायची, "पाववाली पोचली का घरी?" खिडकीत दिवा लागला की मगच गेमचं मशीन बंद, हा आमच्या घरचा नियम होता. मी वेगळी राहायला लागल्यावर आई मलाही फोन करून हेच विचारायची, मी घरी पोचले का म्हणून.

मग आई गेली आणि ते फोन थांबले. बाबांना फोनवर बोलायचं म्हणजे संकट वाटतं. रविवारी त्यांच्याकडे जाऊन शेजारी बसून गेम खेळायचा, एवढंच आमचं बोलणं उरलं होतं. म्हणून तिसरा भाग आला तेव्हा मी तो घाईघाईने त्यांना नेऊन दिला.

इकडे चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. कंपनी विकली गेली होती, जुनी माणसं सोडून गेली होती, आणि नवी मंडळी गेममधल्या घोड्यांसाठी मखमली झुली विकत बसली होती. "गेम कसला, दुकान काढलंय यांनी," असं ग्रुपमधल्या एका खडूसने लिहिलं. मीही भरपूर तोंडसुख घेतलं. बाबांना मात्र काही बोलले नाही, म्हटलं त्यांचा हिरमोड कशाला करायचा.

पुढच्या रविवारी गेले तर टीव्ही बंद होता, पण मशीनचा पंखा घरघरत होता. हात लावला, चांगलंच तापलं होतं.

"बाबा, हे चालू का ठेवलंय?"

"ती पोचली नाही अजून."

आठवडाभर त्यांनी ते बंदच केलं नव्हतं. पाववाली आता देखणी झाली होती, केस न् केस वेगळा हलत होता तिचा. पण पुलाच्या मध्यावर आली की गायब. बाबा पुलावर उभे राहून बघून आले होते. आधीच पुढे जाऊन तिच्या दाराशीही थांबले होते, पण दार उघडत नव्हतं.

"माझंच काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "एखादं बटण दाबायचं राहिलं असेल. तू बघ जरा."

माझं डोकंच फिरलं. कामचुकारपणा त्यांचा, आणि माझा बाप स्वतःला दोष देत बसलाय. ग्रुपवर कंपनीचं उत्तर मी वाचलं होतं: बहुतेक खेळाडू पुलापलीकडे जात नाहीत, म्हणून पुढचं काम केलेलं नाही. क्षणभर वाटलं, काल माझ्याकडे दिवा लागला होता अशी थाप ठोकून द्यावी. पण मग ते महिनाभर तो दिवा शोधत बसले असते.

"बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. त्यांनी तिचं घर बनवलंच नाहीये. दार नुसतं भिंतीवर रंगवलंय."



"म्हणजे घरच नाही तिला?"

"नाही."

"आणि हे तिथे कुणाला दिसलं नाही?"

"दिसलं असणार. चालेल म्हणाले असतील."

"चालेल," बाबा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी टीव्ही लावला, गेममध्ये सकाळ होऊ दिली आणि तिच्या दुकानात गेले. ती पाव मांडत होती, मागे भट्टी पेटलेली होती. बाबा थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि संध्याकाळ व्हायच्या आतच त्यांनी मशीन बंद केलं.

"दुकानातच राहू दे तिला," ते म्हणाले. "उजेड आहे तिथे."

मला रडू आलं. त्या खोट्या बाईसाठी आलं की आईसाठी, ते विचारू नका. बाबांनी मला पाणी आणून दिलं आणि मशीनची वायर गुंडाळून ठेवली.

बस पकडून मी घरी आले. चप्पल काढते न काढते तोच फोन वाजला. बाबा होते. आधी नुसतेच खाकरले.

"पोचलीस का घरी?"

"पोचले, बाबा."

"दिवा लावलास?"

मी अजून अंधारातच उभी होते. भिंतीवर हात फिरवून बटण दाबलं.

"लावला."

"बरं. मग ठेवतो," ते म्हणाले.